तीनशे किलोमीटरला तासभर का लागतो?

दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर ३०० किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटर धरला, तर भागाकार ३६ मिनिटं येतो. वेळापत्रकात मात्र तासाभराहून अधिक वेळ दिलेला असतो, आणि तो योग्यच असतो.

आधी अंतराचं बघू. दोन ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून निघणारा आकडा म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून जाणारा सर्वांत जवळचा मार्ग. तो कमानीसारखा असतो, पण ३०० किलोमीटरला ही कमान आणि जमिनीच्या पोटातून काढलेली सरळ रेषा यांत फरक पडतो जेमतेम २८ मीटरचा! अंतर वाढतं ते दोन्ही टोकांना. उड्डाण आणि लँडिंग शक्यतो वारा समोरून घेऊन करायचं असतं. वारा पश्चिमेचा असेल, तर पूर्वेला निघालेलं विमानही आधी पश्चिमेकडे झेपावतं आणि मग वळतं. तिकडे पोहोचल्यावर धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी पुन्हा वळसा.

वेळेचा हिशोबही हवेत सुरू होत नाही. चाकांखालची अडण काढून विमान जागचं हललं की घड्याळ सुरू होतं आणि ते उतरून जागेवर थांबलं की बंद होतं. मधलं टॅक्सीइंग, म्हणजे विमानानं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत आणि परत जागेवर चालत जाणं, आणि धावपट्टी मोकळी होण्याची वाट पाहणं, सगळं त्यातच. खरं तर प्रवाशाला हीच वेळ सांगायला हवी. नुसती हवेतली वेळ त्याच्या काही कामाची नाही.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती चढ-उताराची भूमिती. प्रवासी विमान साधारण ३ अंशांच्या उतारानं खाली येतं. पंख्याचं टर्बोप्रॉप विमान १७,००० फुटांवर असेल, तर उतरायला सुमारे १०० किलोमीटर आधीच सुरुवात करावी लागते. चढतानाही वेग कमीच असतो. म्हणजे ज्या ५०० च्या वेगानं आपण भागाकार केला, तो प्रवासाच्या मधल्या तुकड्यापुरताच खरा.

मग जेट का वापरू नये? ३५,००० फुटांवरून त्याच उतारानं यायला जेटला २०० किलोमीटर लागतात, चढायलाही भरपूर. ३०० किलोमीटरमध्ये हे बसतच नाही, म्हणून ते खालूनच उडतं आणि इंधन जास्त खातं. शिवाय अनेक देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटर, ही वेगमर्यादा आहे. एवढं करून वाचतात फार तर दहा-एक मिनिटं. छोट्या मार्गांवर टर्बोप्रॉप टिकून आहे तो यामुळेच.

याचं टोकाचं उदाहरण स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर आहे. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे अंतर फक्त २.७ किलोमीटर. जगातली ही सर्वांत छोटी नियमित विमानफेरी, वेळ दीड-दोन मिनिटं. सर्वांत जलद फेरी ५३ सेकंदांची झाली. सरासरी काढली तर ताशी जेमतेम १८३ किलोमीटर. इथे मधला तुकडा उरतच नाही.

आणि वारा? ताशी १०० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर आपली ३६ मिनिटं ३० वर येतात. परतताना तोच वारा समोरून आला, की ती ४५ होतात. जाताना ६ वाचली, येताना ९ गेली. कारण विमान उलट्या वाऱ्यात जास्त वेळ असतं.