हातांच्या भाषेला भाषा म्हणेपर्यंत

पुण्यातल्या सिव्हिल कोर्ट मेट्रो स्थानकात संध्याकाळच्या गर्दीत दोन मित्र समोरासमोर आले. एक सरकत्या जिन्याने वर चालला होता, दुसरा खाली. तरी बोलणं तुटलं नाही. वरचा मागे वळून हातांनी काहीतरी सांगत होता, खालचा भुवया उंचावून विचारत होता, आणि दोघं एकमेकांना दिसेनासे होईपर्यंत त्यांच्या गप्पा चालू होत्या. इतक्या गोंगाटात आमच्यापैकी कुणाला ते साधलं नसतं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाई हळहळल्या, "बिचारे, खाणाखुणा करतायत."

त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण 'खाणाखुणा' या शब्दामागे फार मोठा इतिहास आहे.

मराठीत 'करपल्लवी' हा एक जुना, देखणा शब्द आहे. बोटांच्या खुणांनी अक्षरं दाखवून बोलायची ही पद्धत. हाताची फणा केली की स्वर, कमळ केलं की क-वर्ग, चक्र केलं की च-वर्ग. मग त्या वर्गातलं कितवं अक्षर ते बोटांनी दाखवायचं. पण ही कला होती ऐकू येणाऱ्यांची, चारचौघांत गुपित बोलण्यासाठी. ऐकू येणाऱ्याने हात वापरले तर ती विद्या आणि बहिऱ्याने वापरले तर खाणाखुणा, हा भेद आपल्याकडे असा जुना आहे.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्क नाकारलेल्यांच्या यादीत जन्मांध, बधिर आणि मूक यांची नावं आहेत. इंग्रजी अमलातही हिंदू कायद्यात हे चालत राहिलं. व्यंगामुळे वारसा नाकारता येणार नाही, असा कायदा व्हायला १९२८ साल उजाडलं. 'मूकबधिर' हा जोडशब्दही याच समजुतीतून आला. ऐकू येत नाही म्हणजे बोलता येत नाही, आणि बोलता येत नाही म्हणजे समजत नाही. शाळांच्या पाट्यांवर हा शब्द अजून आहे, पण बधिर मंडळींना त्यातला 'मूक' खटकतो. त्यांचं म्हणणं सरळ आहे: आम्ही मुके नाही, आमची भाषा वेगळी आहे.

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूंनी बधिर मुलांना हातांच्या भाषेतून शिकवायला सुरुवात केली होती. ती परंपरा अमेरिकेत पोचली, बधिर शिक्षक तयार झाले. मग १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात बधिरांच्या शिक्षणावर परिषद भरली. १६४ प्रतिनिधींपैकी बधिर फक्त एक. शिक्षण तोंडी बोलण्यातूनच व्हावं, असा ठराव प्रचंड बहुमताने झाला. पुढे अनेक देशांत बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मला वाटतं, जगाच्या शिक्षणाच्या इतिहासात इतक्या थोड्या लोकांनी इतक्या मुलांचं एवढं नुकसान क्वचितच केलं असेल.

आपल्याकडे बधिरांच्या शाळांची सुरुवात नेमकी त्याच सुमारास झाली: १८८०च्या दशकात मुंबईत, १८९३ मध्ये कलकत्त्यात. त्यामुळे तोंडी पद्धतीचा प्रभाव इथेही पडला. आणि पुणं तर स्पष्ट उच्चारांचा, शुद्ध बोलण्याचा अभिमान बाळगणारं शहर. मुलाने चार शब्द स्वच्छ उच्चारले की घर धन्य व्हायचं.

ओठ वाचणं म्हणजे काय, ते आरशासमोर उभं राहून बघा. आवाज न करता 'पान', 'बाण', 'मान' म्हणा. तिन्ही वेळा ओठ एकसारखेच मिटतात आणि उघडतात. 'क', 'ग', 'ह' तर घशातच राहतात, ओठांवर येतच नाहीत. म्हणजे निम्मं बोलणं अंदाजाने लावायचं, आणि तेही अशा भाषेत जी कधी कानावर पडलेली नाही. करोनाच्या काळात मास्क आले आणि तेवढाही आधार गेला.

माझा मावसभाऊ पुण्यातल्या एका निवासी शाळेत शिकला. वर्गात हात बाकाखाली ठेवायचे, नाहीतर पट्टी. मावशीलाही सांगितलं होतं, घरी खुणा करू नका, बोलायची सवय मोडेल. तिने ते मनापासून पाळलं. बहुतेक बधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात, त्यामुळे या मुलांना आपली भाषा घरी मिळतच नाही. ती मिळाली वसतिगृहात. रात्री दिवे मालवायच्या आधी मोठी मुलं धाकट्यांना शिकवायची. पाळण्यातलं नाव कागदावर राहायचं आणि तिथे नवं नाव पडायचं: कपाळावरच्या खोकेवरून, कुरळ्या केसांवरून, हसण्याच्या लकबीवरून. बोलवायचं तर खांद्यावर थाप द्यायची, सगळ्यांचं लक्ष हवं असेल तर दिवा लावायचा-विझवायचा, टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवायचे. बधिर संस्कृती म्हणतात ती अशाच खोल्यांत वाढली, बंदी असताना.

१९६० मध्ये विल्यम स्टोकी या अभ्यासकाने अमेरिकन सांकेतिक भाषेचा अभ्यास करून दाखवलं की हाताचा आकार, जागा आणि हालचाल यांपासून चिन्ह बनतं, जसा ध्वनींपासून शब्द. भारतात हे काम १९७७च्या सुमारास सुरू झालं. हिमाचलात जन्मलेले, स्वतः बधिर असलेले मदन वसिष्ठ आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगळूर इथली चिन्हं गोळा केली. चारही शहरांतल्या चिन्हांचा मोठा हिस्सा एकमेकांशी नातं सांगणारा निघाला. पुढे भाषाशास्त्रज्ञ उल्रिके झेशान यांनी दिल्ली आणि कराचीची तुलना केली, तर शब्द बदलले तरी व्याकरण एकच.

ते व्याकरण मराठीचं नाही. 'तू काल कुठे गेला होतास?' हे हातांनी विचारताना 'काल' आधी येतो, 'कुठे' अगदी शेवटी. नकारही शेवटी, मान हलवत. 'देणे' या चिन्हात हात माझ्याकडून तुझ्याकडे गेला की 'मी तुला दिलं', उलटा आला की 'तू मला दिलंस'. कर्ता-कर्म वेगळं सांगावंच लागत नाही. भुवया उंचावल्या की विधानाचा प्रश्न होतो, म्हणजे चेहराही व्याकरणातच मोडतो. पुरुषासाठी मिशी, स्त्रीसाठी नाकपुडीवर बोट, जिथे चमकी असते तिथे.

मान्यता मात्र सावकाश आली. २०१० मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला बधिरांच्या शिक्षणावर भरलेल्या परिषदेत मिलानचे ठराव फेटाळले गेले, १३० वर्षांनी. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. त्याचा शब्दकोश २०२१ मध्ये दहा हजार शब्दांवर गेला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येतच सांकेतिक भाषा आली. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने देशभर प्रमाणीकरण करा म्हटलं, पण स्थानिक सांकेतिक भाषांचाही मान राखा, असंही सांगितलं. हे दुसरं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रमाणभाषेपुढे बोलींचं काय होतं, हे पुणेकरांना सांगायला नको. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय याच शहरात आहे. इथल्या जुन्या बधिर मंडळींच्या हातांतली चिन्हं त्यांच्या हयातीत चित्रित व्हावीत, एवढी मागणी तिथे नक्की करता येईल.

मावशी आता अडुसष्ट वर्षांची आहे. सूनही बधिर आहे आणि तिनेच गेल्या दोन वर्षांत सासूला शिकवलं. बोटं आखडतात, चुका होतात, सून हसून तिचा हात धरून सरळ करते. जेवलास का, पैसे आहेत का, हे मावशी आधीही कसंबसं विचारायची. जरा जमायला लागल्यावर तिने मुलाला विचारलं, लहानपणी वसतिगृहात रात्री तू काय करायचास? तो दोन तास सांगत होता.