घरखर्चाच्या हिशेबात कसली आली पीएचडी?

'कुटुंब अर्थशास्त्र म्हणजे घरखर्चाची वही. त्यात संशोधन कसलं आणि प्राध्यापकी कसली?' हा समज फार जुना आहे, आणि नाव ऐकून तसं वाटणं साहजिकच आहे.

वही नोंद ठेवते. संशोधक विचारतो, नोंदी अशाच का? उत्पन्न वाढलं की घर अन्नावर जास्त पैसे खर्च करतं, पण एकूण खर्चातला अन्नाचा वाटा घटतो. हा नियम 1857 मध्ये दोनशेच्या आसपास कुटुंबांच्या खर्चनोंदींवरून मांडला गेला आणि पुढे देशोदेशी पडताळला गेला. बिनपगारी घरकामाचं मोल, कर्ज घेताना होणाऱ्या चुका, निवृत्तीसाठी बचत कधी सुरू होते, हे सगळं याच विषयात येतं. माझ्या मते बिनपगारी कामाचा प्रश्न यात सर्वांत मोलाचा.

गुंतवणूक सल्लागाराचं काम या संशोधकाच्या कामापेक्षा वेगळं. त्याला व्यवसायाचा परवाना लागतो. विद्यापीठातल्या कायम पदासाठी मात्र बहुधा डॉक्टरेट आणि शोधनिबंध लागतात.

खात्री करायची तर या विषयाच्या कुठल्याही पीएचडीचा अभ्यासक्रम उघडा. संख्याशास्त्र आणि सर्वेक्षणाच्या पद्धती तिथे बहुतेक सुरुवातीलाच दिसतील.