शिल्लक प्रायव्हेट का ठेवायची

प्रोग्रामिंग शिकायला लागलं की क्लास या संकल्पनेच्या धड्यात पब्लिक, प्रायव्हेट हे शब्द येतात आणि बऱ्याच जणांना वाटतं प्रायव्हेट म्हणजे हॅकरपासून वाचवणारं कुलूप. तसं अजिबात नाहीये.

आमच्याकडच्या एका बचत गटासाठी मी सी प्लस प्लसमध्ये हिशोबाचा छोटा प्रोग्राम लिहिला होता. त्यात खातं नावाचा क्लास, म्हणजे सभासदाच्या खात्यात काय असणार (नाव, शिल्लक) आणि त्याचं काय करता येणार (पैसे भरणं, काढणं) याचा एक साचा, आणि त्या साच्यातून काढलेलं एकेकीचं खातं म्हणजे ऑब्जेक्ट. शिल्लक पब्लिक होती, म्हणजे क्लासबाहेरच्या कोडलाही ती थेट बदलता येत होती. एक दिवस एका ताईंच्या खात्यात उणे ४० रुपये दिसले! पैसे काढायच्या फंक्शनमध्ये (ते काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यात) तर शिल्लक पुरेशी आहे का ते तपासलेलं, मग हे आलं कुठून? संध्याकाळ गेली शोधण्यात, शेवटी शिल्लक प्रायव्हेट करून, म्हणजे फक्त क्लासच्या आतल्या कोडलाच वापरता येईल अशी करून, परत कंपाइल केलं तर जिथे जिथे बाहेरून शिल्लकेला थेट हात लावला होता ती प्रत्येक ओळ कंपायलरने (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने) एरर म्हणून दाखवली, आणि त्यात हप्ता चुकल्याचा दंड कापणारी ओळ होती, काही न तपासता सरळ वजाबाकी.

प्रायव्हेटचं काम हेच. आकडा चुकला तर कुठे बघायचं ती जागा क्लासपुरती उरते.

क्लासची कल्पना नॉर्वेच्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेतली, पण तिथे सुरुवातीला आतलं सगळं बाहेरून दिसायचं. ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्स या संशोधन संस्थेत सी भाषेत क्लास आणायला घेतले, त्याचीच पुढे सी प्लस प्लस झाली, आणि तिच्यात क्लासमध्ये काहीच लिहिलं नाही तर मेंबर (म्हणजे क्लासच्या आतली शिल्लक किंवा फंक्शन) प्रायव्हेट धरला जातो, स्ट्रक्ट या क्लाससारख्याच दुसऱ्या साच्यात मात्र पब्लिक.

अजून एक गोष्ट जी मला खूप उशिरा कळली, ही बंदी क्लासनुसार असते, ऑब्जेक्टनुसार नाही. म्हणजे एका खात्यातून दुसऱ्यात पैसे वळवायचं फंक्शन त्याच क्लासमध्ये असेल तर ते समोरच्या खात्याची प्रायव्हेट शिल्लक बिनधास्त बदलू शकतं. पायथनमध्ये तर अशी सक्तीच नाही, नावाआधी दोन अंडरस्कोर दिले की आतल्या आत त्याला क्लासचं नाव जोडलं जातं एवढंच, ते पूर्ण नाव लिहिलं की बाहेरूनही शिल्लक बदलता येते.