कोप वेगळा, क्रोध वेगळा

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. पुढे मी वसईहून श्रीवर्धनला मित्राकडे गेलो, तेव्हाही वाडीतल्या पोफळी तशाच पडून होत्या. काही मुळासकट, बऱ्याचशा कमरेत मोडलेल्या, आणि मोडल्या जागी चिंध्यांसारखे धागे लोंबत होते. मित्राचे काका ओटीवरून म्हणाले, "देवाचा कोप, दुसरं काय! तुमच्यात पण देव कोपतोच ना रे? बायबलात तर म्हणे पानोपानी." मी नुसता हसलो. उत्तर सुचलं ते परतीच्या एसटीत.

शब्दकोशात कोप आणि क्रोध एकच. पण काका ज्याला कोप म्हणत होते त्याची रीत ठरलेली आहे. कुठेतरी मान चुकतो, नवस फेडायचा राहतो, आणि देव बिघडतो. कारण मागाहून शोधायचं, कौल लावायचा, द्यायचं ते देऊन त्याला शांत करायचं. (गाऱ्हाण्यात नुसती भीती नसते, हेही खरं. "लेकरांचं चुकलंमाकलं पदरात घे" म्हणणारा देवाला आपलं माणूस समजूनच बोलत असतो.)

संकट आलं म्हणजे कुणाचं तरी पाप भोवलं, हा हिशेब येशूच्या काळीही लोक मांडत होते. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली. ती यरुशलेमातल्या बाकीच्यांहून जास्त अपराधी होती का, असं त्याने विचारलं आणि स्वतःच "नाही" म्हणाला. वर, तुम्ही आपलं बघा, पश्चात्ताप करा, असंही सुनावलं. म्हणजे आडव्या पोफळी बघून वाडीवाल्याचं पाप काढायची सोय नाही.

मग बायबलातला देव रागावतो कशावर?

1 जूनला मासेमारी बंद होते. होड्या वर ओढल्या जातात, खलाशांचा हिशेब होतो. समजा, दहा महिने जाळं ओढलेल्या पोराला मालकाने "उचल वजा" म्हणत निम्म्या पैशांवर वाटेला लावलं. याकोबाच्या पत्रात, 5व्या अध्यायात, शेतमजुरांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि मजुरांचा आक्रोश देवाच्या कानी जातो. हे ऐकून जो थंडच राहील, त्याचं त्या पोरावर प्रेम आहे असं मला तरी म्हणवणार नाही. कोपात देवाचा मान दुखावलेला असतो, इथे दुसऱ्याचं पोट मारलेलं असतं. म्हणून 96व्या स्तोत्रात देव न्याय करायला येतोय हे कळल्यावर समुद्र गर्जतो आणि रानातली झाडं आनंद करतात. न्यायाची धास्ती मालकाला. खलाशी तर त्याची वाट बघत बसलेला असतो.

मार्कच्या शुभवर्तमानात, 3ऱ्या अध्यायात, वाळलेल्या हाताचा माणूस समोर आहे आणि शब्बाथाला, म्हणजे काम वर्ज्य असलेल्या यहुदी विसाव्याच्या दिवशी, येशू त्याला बरं करतो की काय यावर लोक टपून बसलेत. येशू त्यांच्याकडे रागाने बघतो आणि त्यांच्या मनाच्या कठोरपणाने खिन्नही होतो. राग आणि खिन्नता एकाच वाक्यात.

दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने सोपा तोडगा काढला होता. रागावणारा जुन्या कराराचा, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागातला, देव वेगळा, येशूचा प्रेमळ पिता वेगळा. 144 मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. तरी आजही निम्मे ख्रिस्ती मनातून मार्सियनच असतात, असं माझं मत.

खरी गफलत होते ती येशूच्या क्रुसावरच्या मरणापाशी. चिडलेला बाप पोराला मारून शांत झाला, असं काही जण सांगतात. तो पुन्हा कोपच झाला, फक्त बोकडाच्या जागी पुत्र. प्रेषित पौल बायबलातल्या आपल्या पत्रांत उलटं लिहितो. आपण पापी असतानाच देवाने आपल्यावरची प्रीती दाखवली, ख्रिस्ताच्या ठायी देव स्वतःच जगाचा समेट करत होता. कोपात माणूस देतो आणि देव निवतो. इथे देणाराच देव.

सगळं असं सुटसुटीत बसत नाही. बैल अडखळले म्हणून कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी, सावरायला हात लावणारा उज्जा जागच्या जागी मरतो, ती गोष्ट मला अजून पचलेली नाही. काकांना ती चटकन कळली असती.

पण एक शब्द मात्र आवडतो. हिब्रूत नाक आणि राग यांना एकच शब्द आहे, 'अफ'. आपल्याकडे तापट माणसाचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो; मोशेला देव स्वतःची ओळख सांगतो ती मंदक्रोध अशी, आणि तिचा शब्दशः अर्थ 'लांब नाकाचा'. राग शेंड्यावर पोचायलाच वेळ लागतो.

निनवे शहराला शिक्षेचा इशारा द्यायला देवाने पाठवलेल्या योना संदेष्ट्याला नेमकं हेच खुपलं. निनवेचे लोक बदलले, देवाने शिक्षा मागे घेतली, आणि हा चिडून म्हणाला, मला ठाऊकच होतं तू मंदक्रोध आहेस, म्हणून तर मी पळालो होतो. मग सावली देणारा वेल सुकला तेव्हा तो त्या वेलासाठी रागावला. देवाने त्याला विचारलं, उजवा-डावा हात न कळणारी 1,20,000 हून जास्त माणसं त्या शहरात आहेत, त्यांची मी कीव करू नको? आणि गुरंही पुष्कळ आहेत.

योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलं नाही.