इंजिन सुरू झालं म्हणजे बॅटरी चांगली आहे?

स्वतः बांधलेल्या छोट्या विमानाची बॅटरी कधी बदलायची, असं विचारलं की हमखास उत्तर मिळतं : स्टार्टर दमायला लागला की. मोटारीसाठी हे उत्तर चालतं. विमानासाठी ते धोक्याचं आहे आणि का, ते साध्या गुणाकारातून दिसतं. अशा विमानाचं इंजिन फिरवताना स्टार्टर साधारण २०० अँपिअरपर्यंत विद्युतप्रवाह ओढतो, पण चार-पाच सेकंदच. म्हणजे झाले हजार अँपिअर-सेकंद, किंवा ०.२८ अँपिअर-तास. बॅटरीवर १६ अँपिअर-तास छापलेले असतील, तर एकदा इंजिन सुरू करायला तिच्यातला दोन टक्क्यांहूनही कमी साठा लागतो. अर्धी क्षमता गमावलेली बॅटरीसुद्धा पंखा झोकात फिरवून देऊ शकते. स्टार्टर बॅटरीची ताकद तपासतो, दम तपासत नाही.

दम लागतो तो हवेत, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र) बंद पडल्यावर. जुन्या धाटणीच्या इंजिनात मॅग्नेटो असतो. फिरत्या चुंबकाच्या जोरावर तो ठिणगीपुरती वीज स्वतःच तयार करतो, त्यामुळे बॅटरी संपली तरी रेडिओ आणि दिवे जातात, ठिणगी पडतच राहते. आज हौसेने बांधल्या जाणाऱ्या अनेक विमानांत मात्र ठिणगी पाडणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, इंधन फवारणारे इंजेक्टर, विजेवर चालणारा इंधनपंप आणि उंची-वेग दाखवणारे पडदे असतात. इंजिनाला स्वतःचं वेगळं जनित्र नसेल, तर अल्टरनेटर गेल्या क्षणापासून ते इंजिन केवळ बॅटरीवर जगत असतं. अशा वेळी वैमानिकाला एकच आकडा हवा असतो : किती मिनिटं?

कागदावर हिशेब सोपा दिसतो. समजा, नको ती उपकरणं बंद केल्यावर अत्यावश्यक भार ८ अँपिअर उरला. १६ भागिले ८, म्हणजे दोन तास. पण लेड-ॲसिड बॅटरीवर छापलेली क्षमता सहसा १० किंवा २० तासांत सावकाश रिकामी करून मोजलेली असते. जलद रिकामी केली, तर तीच बॅटरी एकूण कमी वीज देते. विल्हेल्म प्यूकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये हे नातं सूत्रात मांडलं. कारण रासायनिक आहे. शिसं आणि आम्ल यांची अभिक्रिया आधी पट्ट्यांच्या पृष्ठभागाशी होते, आणि छिद्रांच्या आतपर्यंत ताजं आम्ल झिरपायला वेळ लागतो. घाई केली की आतलं शिसं वापरलंच जात नाही. ८ अँपिअरच्या भाराला नव्या बॅटरीकडूनही दोन तासांऐवजी दीड तासाच्या आसपासच मिळेल, असं धरून चालावं. गारठ्यात आणखी कमी.

आणि ही झाली नव्या बॅटरीची गोष्ट. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली, तर लेड सल्फेटचे स्फटिक मोठे आणि घट्ट होतात, आणि मग ते चार्जिंगला दाद देत नाहीत. उष्णतेने धन पट्ट्यांची जाळी गंजत जाते. ढोबळ नियम असा, की तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं. अनेक विमानांत बॅटरी फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या अग्निरोधक भिंतीच्या, इंजिनाकडच्या बाजूला असते. उतरल्यावर इंजिन बंद होतं, हवेचा झोत थांबतो आणि त्या बंदिस्त जागेतलं तापमान उलट चढतं. म्हणूनच दोन जुळ्या बॅटऱ्यांपैकी एक दुसरीच्या कितीतरी आधी थकू शकते, आणि वयावरून अंदाज बांधणं फसवं ठरतं.

माझ्या मते यावर एकच प्रामाणिक उपाय आहे : मोजणं. बॅटरी पूर्ण चार्ज करायची, आपल्या विमानाच्या अत्यावश्यक भाराइतका स्थिर भार तिला जोडायचा आणि लेड-ॲसिड बॅटरीचं व्होल्टेज १०.५ ते ११ पर्यंत उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. खालची मर्यादा उपकरणांच्या गरजेनुसार ठरवावी. जवळची धावपट्टी गाठायला लागणाऱ्या वेळेहून ही मिनिटं पुरेशी जास्त नसतील, तर बॅटरी बदलायची, मग ती इंजिन कितीही झोकात फिरवू दे.

बदलायचीच, तर लिथियम घ्यावी का? मोह समजण्यासारखा आहे. जिथे सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी सुमारे ७ किलोची असते, तिथे इंजिन तितक्याच जोमाने फिरवणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी २ किलोच्या आसपास भरते. पण यातल्या काहींवर ‘लेड-ॲसिडशी समतुल्य’ अँपिअर-तास छापलेले असतात. ही तुलना इंजिन फिरवण्याच्या ताकदीची असते. प्रत्यक्ष साठा त्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. वजनात वाचलेले ५ किलो बरेचदा मिनिटांतून वजा झालेले असतात. हे छापणं मला खटकतं, कारण विमानवाल्याला नेमका दुसराच आकडा हवा असतो. खरे अँपिअर-तास विचारूनच खरेदी करावी.

या बॅटरीचा स्वभावही वेगळा आहे. तिचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपास सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं, त्यामुळे व्होल्टमीटर बघून उरलेला साठा कळत नाही. तिचा अंतर्गत रोध कमी असल्याने उतरलेली बॅटरी अल्टरनेटरकडून भरमसाट प्रवाह ओढते आणि छोटा अल्टरनेटर तापू शकतो. शून्य अंशाखाली चार्ज केली, तर ऋण ध्रुवावर धातुरूप लिथियम साचून ती कायमची बिघडते. मर्यादा ओलांडली की आतलं संरक्षक सर्किट बॅटरीची जोडणीच तोडतं. बॅटरीच्या दृष्टीने ते शहाणपणाचं, पण तिच्यावरच इंजिन चालू असेल तर? अशा विमानात दुसरी, स्वतंत्र बॅटरी हवीच.

आगीची भीती रास्त आहे, पण सगळं लिथियम एक नव्हे. जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ७८७ च्या बॅटऱ्या पेटल्या आणि जगभरातली ती विमानं जमिनीवर उभी राहिली. त्या बॅटऱ्या लिथियम कोबाल्ट ऑक्साइडच्या होत्या. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो आणि तापल्यावर सहजी सुटत नाही, म्हणून ती बरीच शांत असते. तरीही आतलं द्रावण ज्वलनशीलच. बॅटरी केबिनमध्ये असेल, तर बंद पेटी आणि वायू बाहेर सोडणारी नळी यांत तडजोड नको.

वजनाचं आणखी एक देणं असतं. ६०० किलोच्या विमानात गुरुत्वमध्याच्या १.२ मीटर पुढून ५ किलो काढले, की गुरुत्वमध्य सुमारे १ सेंटिमीटर मागे सरकतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तो आधीच मागच्या मर्यादेला टेकलेला असेल तर नाही. मागे गेलेल्या गुरुत्वमध्याने विमानाची स्थिरता घटते आणि स्पिनमधून, म्हणजे गरगर फिरत खाली येण्यातून, बाहेर येणं अवघड होतं.

प्रत्यक्ष जोडणी अर्ध्या तासाची. काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी. धातूच्या विमानात निगेटिव्ह टोक सांगाड्याला जोडलेलं असतं, त्यामुळे ते जोडलेलं असताना पॉझिटिव्हवरचा पाना सांगाड्याला टेकला तर शेकडो अँपिअर त्या पान्यातून धावतात. टर्मिनल स्वच्छ करून उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) आवळावं. सैल जोडात नुसता ५ मिलिओहम रोध असला, तरी २०० अँपिअरला एक व्होल्ट गळतो आणि २०० वॉट उष्णता त्या एका बोल्टपाशी तयार होते. शेवटी विमानाचं नवं वजन आणि गुरुत्वमध्य लॉगबुकात लिहावा, नव्या बॅटरीची मिनिटं पहिल्याच आठवड्यात मोजावीत आणि तारखेसह तिच्या पेटीवर चिकटवावीत, म्हणजे पुढच्या वार्षिक तपासणीत तुलनेला आकडा हाताशी असेल.