पार्श्वभूमी : हौसेच्या तलावामागचा मातीचा बांध

महाबळेश्वर, वाई, पाटण, शिराळा या पट्ट्यात रिसॉर्ट, फार्महाऊस आणि कृषी पर्यटन केंद्रांच्या आवारात खासगी तलाव दिसतात. बोटिंगसाठी, गळ टाकून मासे धरण्यासाठी, नुसते काठावर बसण्यासाठी. तलाव आला की पाणी अडवणारा बांध आलाच, आणि तो सहसा मातीचा, चार ते आठ मीटर उंचीचा असतो. त्याची आजची अवस्था समजून घ्यायची, तर तो मुळात कोणत्या कामासाठी घातला होता, हे आधी विचारावे लागते.

सातारा-सांगलीत मातीचे छोटे बांध मोठ्या संख्येने झाले ते १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून. ते होते पाझर तलाव आणि नालाबांध. पावसाळ्यात भरायचे, पाणी जमिनीत मुरवायचे, खालच्या विहिरींना जिवंत ठेवायचे आणि उन्हाळ्याच्या आत रिकामे व्हायचे. पाझर हा त्यांचा दोष नव्हता, तेच त्यांचे काम होते. पर्यटनाच्या तलावाकडून अपेक्षा नेमकी उलटी असते. मे महिन्याच्या सीझनपर्यंत पाणी काठोकाठ हवे. त्याच पद्धतीचा बांध या कामाला लावला, की भरावावर वर्षभर दाब राहतो आणि आतली पाझररेषा, म्हणजे भराव जिथवर पाण्याने भिजतो ती पातळी, वर चढते. माण, आटपाडी, जतच्या काळ्या मातीत आणखी एक अडचण आहे. कोरड्या पडलेल्या भरावाला खोल भेगा जातात. अशा तलावात उपसा योजनेचे पाणी भर उन्हाळ्यात एकदम सोडले, तर ते आधी भेगांतून वाट काढते. माती फुगून भेगा मिटायला वेळ लागतो.

बांध एका कामाचा आणि वापर दुसऱ्या कामाचा, यातून काय होते याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील साऊथ फोर्क बांधाचे. कालव्याला पाणी पुरवण्यासाठी १८५३ मध्ये पूर्ण झालेला, सुमारे २२ मीटर उंचीचा हा मातीचा बांध. कालवा बंद पडल्यावर एका मालकाने तळातले लोखंडी नळ काढून भंगारात विकले. १८७९ मध्ये बांध धनिकांच्या मासेमारी क्लबकडे आला. घोडागाड्या नीट जाव्यात म्हणून माथा खाली उतरवला गेला, मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला (जादा पाणी बाहेर जाऊ देणाऱ्या वाटेला) जाळी बसली. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत पाणी माथ्यावरून गेले, बांध फुटला आणि खाली जॉन्सटाऊन शहरात २,२०९ माणसे मेली. तळातून पाणी सोडायची सोय नाही, माथा खाली, सांडवा तुंबलेला : यातली एकेक गोष्ट किरकोळ सोयीसाठी केलेली होती. आपल्याकडच्या हौसेच्या तलावांवरही याच तीन गोष्टी आधी पाहाव्यात.

सांडव्याचे गणित अवघड नाही. वरचे पाणलोट क्षेत्र १० हेक्टर धरा आणि तासाला १०० मिमी पाऊस. जुलैत जमीन आधीच तुडुंब भिजलेली असते, त्यामुळे जवळजवळ सगळे पाणी वाहून येते : तासाला १०,००० घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २.८ घनमीटर. सांडव्यावरून ३० सेंटीमीटर जाडीचा प्रवाह जाऊ द्यायचा, तर सांडवा सुमारे १० मीटर रुंद लागतो. त्याऐवजी भरावातून ३० सेंटीमीटर व्यासाचे दोन सिमेंटचे पाइप काढून काम भागवले असेल, तर ते पाव घनमीटरच्या आसपास पाणी नेतील. दहावा हिस्साही नाही. आणि जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पाऊस पडलेला आहे, हे विसरून चालणार नाही. त्यात सांडव्याच्या उंबऱ्यावर वाळूची पोती रचून पाणी हातभर वाढवले, तर फ्रीबोर्ड, म्हणजे पाणी आणि बांधाचा माथा यांतले मोकळे अंतर, तेवढाच घटतो.

फुटण्याची दुसरी वाट आतून जाते. भराव २० ते २५ सेंटीमीटरच्या थरांत, पाणी मारून, रोलरने दाबायचा असतो. जेसीबीने माती ढकलून उभा केलेला बांध बाहेरून तसाच दिसतो, पण आत पोकळ्या राहतात. भरावातून गेलेल्या पीव्हीसी पाइपाच्या अंगाने पाणी झिरपते, घुशींची आणि खेकड्यांची बिळे त्याला वाट देतात, सावलीसाठी बांधावर लावलेल्या झाडाचे मूळ मेले की त्याची नळी होते. पायथ्याशी स्वच्छ पाणी येत असेल, तर बादली भरायला लागणारा वेळ आठवड्याला नोंदवत राहावे. पाणी गढूळ झाले, की आतली माती वाहू लागली असे समजावे. ते छिद्र चिखलाने किंवा सिमेंटने बुजवू नये. पाणी शेजारून फुटते. त्यावर आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठे दगड असा थर द्यावा, म्हणजे पाणी निघते आणि माती थांबते.

कायद्याची नजर इतक्या खाली येत नाही. राज्यात धरणे फुटलेली आहेत : पानशेत १९६१ मध्ये, चिपळूण तालुक्यातले तिवरे २ जुलै २०१९ च्या रात्री. पण धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा मुख्यतः १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटरमधली धरणे लांबी, साठा, पूरविसर्ग अशा काही निकषांत बसली तरच त्यात येतात. सात मीटरचा खासगी बांध त्याबाहेर राहतो. त्याच्या तपासणीचे वेळापत्रक मालकालाच ठरवावे लागते : मे अखेर, पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच, आणि सप्टेंबरात.

तळाला विमोचक, म्हणजे पाणी सोडायची झडप, नसेल, तर सहा इंची पाइपाचा सायफन आधीच बसवून, चालवून पाहिलेला असावा. तीन-एक मीटर पातळीफरक मिळाला, तर तो सेकंदाला ४० लिटरच्या आसपास पाणी काढतो. एक हेक्टरचा तलाव ३० सेंटीमीटर उतरवायला त्याला जवळपास एक दिवस लागतो. चिकणमातीच्या भरावात एरवी याहून घाई करू नये. पाणी झपाट्याने उतरले, तर आतल्या बाजूचा भिजलेला उतार पिचिंगसकट (वरच्या दगडी अस्तरासकट) घसरतो.