गांगह्वा बेटाला निघायची वेळ आम्ही का ठरवतो
(एक दिवसाच्या सहलीला येणाऱ्यांसाठी)

दक्षिण कोरियात सोलहून गांगह्वाची एक दिवसाची सहल तुम्ही आमच्याकडे बुक केलीत, की निघायची वेळ आम्ही लगेच सांगत नाही. तारीख पक्की झाल्यावर सांगतो. ती कधी सकाळी साडेसहाची असते, कधी साडेदहाची. या एका गोष्टीवरून जेवढे फोन येतात तेवढे पैशांवरूनही येत नाहीत. "हॉटेलचा नाश्ता फुकट आहे हो, तो करून दहाला निघालो तर चालेल ना?" काही तारखांना खुशाल चालतं, काहींना अजिबात नाही. ते कशावर ठरतं हे एकदाचं लिहून काढावं म्हणून हा कागद.

आधी एक गैरसमज. हे नामी बेट नव्हे. नामी सोलच्या पूर्वेला, नदीच्या गोड्या पाण्यातलं, झाडांच्या रांगेत फोटो काढायचं बेट. तिथेही आम्ही नेतो. गांगह्वा पश्चिमेला, हान नदी समुद्राला मिळते त्या मुखावर आहे. सुमारे 300 चौरस किलोमीटरचं हे बेट इंचॉन महानगराच्या हद्दीत येतं. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामधल्या अरुंद पट्ट्याला यॉम्हा म्हणतात, म्हणजे खारी नदी. नाव नदीचं, पाणी समुद्राचं. त्यावर आता दोन पूल आहेत, त्यामुळे बोटीत बसावं लागत नाही आणि म्हणूनच बहुतेकांना वाटतं की पाण्याचा आपल्याशी संबंध नाही.

संबंध आहे. इंचॉनच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती आणि ओहोटीतला फरक 9 मीटरपर्यंत जातो. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरची भरती म्हटली की पेपरात बातमी येते, यावरून अंदाज करा. त्यात किनारा ताटासारखा सपाट. ओहोटी लागली की पाणी काही किलोमीटर मागे सरकतं आणि उरतो तो राखाडी, चकचकीत चिखल.

गेल्या खेपेला चाकणहून कामासाठी गेलेल्या एका इंजिनिअरने आईवडिलांना आणलं होतं. आम्ही सकाळची वेळ दिली होती, ती त्यांनी हट्टाने पुढे ढकलली. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मंडळी बेटाच्या दक्षिण टोकाला, दोंगमाकच्या किनाऱ्यावर उभी! आई मुरुडकडच्या. त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तर खाजण आहे. समुद्र कुठाय?" मग सगळा क्रम उलटा करायचा, पुन्हा उत्तरेला जायचं, संध्याकाळी परत खाली यायचं. दोन तास रस्त्यात गेले आणि शेवटचं देऊळ राहिलंच.

कोकणातल्या माणसाला हे गणित नवं नाही. अमावस्या-पौर्णिमा आणि पुढचे एकदोन दिवस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यात बेताची भरती-ओहोटी. कोरियन कोळीही चांद्र तिथीवरूनच पाणी मोजतात. उधाणाला ते सारी म्हणतात आणि भांगाला जोगम. वेळा मात्र आपल्या किनाऱ्याच्या नाहीत. तिथे उधाणाच्या दिवसांत भरती पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या आसपास येते, ओहोटी भर दुपारी. अष्टमीला उलट, दुपारी पाणी असतं पण भांगाचं, बेताचं. म्हणून तुमची तारीख आली की आम्ही आधी भिंतीवरचं पंचांग बघतो, मग तिथलं भरतीचं अधिकृत कोष्टक, आणि मग ड्रायव्हरला वेळ कळवतो. एवढ्या खटाटोपाचे वेगळे पैसे लावत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

चिखलच पाहायचा असेल तर तोही जरूर बघा, फक्त ठरवून. हा साधा चिखल नाही. 2000 साली त्याला राष्ट्रीय नैसर्गिक वारशाचा दर्जा मिळाला, कारण काळ्या तोंडाचा चमचा हा दुर्मिळ पक्षी या भागात वीण घालतो. आत चालत जायला मात्र आम्ही नेत नाही. भरतीचं पाणी समोरून येत नाही, आधी मागचे चर भरतात आणि माणूस मधेच अडकतो. यावर कृपया वाद घालू नका.

खरं तर या पाण्यानेच बेटाचा इतिहास घडवला. 1232 मध्ये मंगोलांपुढे टिकाव लागेना तेव्हा कोरियाचा गोर्यो राजदरबार राजधानीसकट इथे आला. घोडेस्वारांच्या फौजेला हे ओढीचं पाणी आणि हा चिखल ओलांडता येईना. 1270 पर्यंत राजधानी इथेच होती. त्याच काळात, 1236 ते 1251 मध्ये, बौद्ध त्रिपिटकाचे 80 हजारांहून जास्त लाकडी ठसे कोरले गेले. ते आज दक्षिणेत हेइन्सा मठात आहेत, इथे शोधू नका. दरबारासोबत माणसं आली, त्यांना धान्य हवं, म्हणून बांध घालून खारजमीन भाताखाली आणायला सुरुवात झाली आणि पुढे ती शतकानुशतकं चालली. आज आपण गाडीने मानीसान डोंगराकडे जातो तेव्हा सपाट भातखाचरं लागतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे पाणी होतं आणि मानीसान वेगळ्या बेटावर होता.

यॉम्हाची एक गोष्ट तिथले लोक हमखास सांगतात. पळून येणाऱ्या राजाला सोनदोल नावाचा नावाडी नेत होता. नाव भोवऱ्यात हेलकावू लागली. राजाला घात वाटला आणि त्याने नावाड्याचं डोकं उडवायला सांगितलं. मरताना सोनदोल म्हणाला, पाण्यात भोपळा सोडा आणि त्याच्या मागे जा. नाव सुखरूप लागली. क्वांगसोंगबो किल्ल्याच्या टोकाला एक बुरूज थेट या पाण्यात घुसलेला आहे. ओढ जोरात असताना तिथे उभं राहिलं की गोष्ट सांगावी लागत नाही, पाणी खळाळताना ऐकू येतं. आम्ही वेळ जुळवतो ती समुद्राइतकीच या बुरुजासाठीही.

याच किल्ल्यांवर 1866 मध्ये फ्रेंच आले. जाताना राजग्रंथालयातले ग्रंथ घेऊन गेले, त्यातले 297 खंड 2011 मध्ये कोरियात परतले, तेही कागदोपत्री उसने. 1871 मध्ये अमेरिकन आले. क्वांगसोंगबो पडला, सेनापती ओ जे-यॉन मारले गेले. 1875 मध्ये जपानी युद्धनौका आली आणि पुढच्याच वर्षी झालेल्या गांगह्वा तहाने कोरियाची बंदरं उघडावी लागली. सोलचा दरवाजा म्हणजे हे मुख, त्यामुळे प्रत्येकाने आधी इथेच लाथ मारली.

बाकी ठिकाणं भरतीवर अवलंबून नाहीत, ती आम्ही मधे बसवतो. बुगुन-री इथला डॉल्मेन, म्हणजे आदिम काळातलं दगडी थडगं, दोन उभ्या दगडांवर साडेसहा मीटर लांबीची आडवी शिळा, 2000 पासून जागतिक वारसा यादीत आहे. दहा मिनिटांत बघून होतो. जोनदुंगसा मठात मात्र घाई करू नका. मुख्य मंडपाच्या छताखाली चारही कोपऱ्यांत उकिडव्या बसलेल्या आकृती छताचा भार झेलतात, कुणी दोन्ही हातांनी, कुणी एकाच. मंडप बांधणाऱ्या सुताराचे पैसे घेऊन पळालेली गुत्त्याची मालकीण ती हीच, असं म्हणतात. गावातल्या टेकडीवर 1900 सालचं अँग्लिकन चर्च आहे, बाहेरून कोरियन कौलारू, आतून चर्च. अंगणातला बोधिवृक्ष भारतातून आणलेल्या रोपाचा, असं तिथे सांगतात. तुम्ही भारतातले म्हटल्यावर तो आवर्जून दाखवतात.

पासपोर्ट सोबत ठेवा, हॉटेलच्या तिजोरीत नको. उत्तरेच्या शांतता निरीक्षण मनोऱ्याकडे आणि ग्योदोंग बेटाकडे जाताना लष्करी चौकी लागते. मनोऱ्यावरून पाण्यापलीकडची उत्तर कोरियातली शेतं दिसतात. ग्योदोंगचा छोटा बाजार युद्धात तिकडून आलेल्या निर्वासितांनी उभारलेला.

शाकाहारी मंडळींनी इथल्या जांभळट सलगमाच्या किमचीपासून जपावं, त्यात बहुधा कोळंबीचं किंवा मासळीचं खारवण असतं. डब्याची सोय आम्ही करतो, आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगा. जिनसेंगच्या बाजारात वीस मिनिटं थांबतो, त्याहून जास्त नाही, कारण दुकानदारांकडून आम्हाला काही मिळत नाही.

बुक करताना तारीख, माणसं किती आणि गुडघे कसे आहेत एवढं कळवा. बोमुनसा मठातल्या कोरीव मूर्तीपर्यंत चारशेच्या वर पायऱ्या आहेत. वेळ आमच्याकडून येईल. ती साडेसहाची आली तर नाश्त्याची पिशवी गाडीत असेल.